न्यायाधीश व वकिलांसाठी सुप्त पूर्वग्रहाचे प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा येथील जिल्हा न्यायालयात आणि कराड, वाई, फलटण, कोरेगाव, वडूज, दहिवडी येथील न्यायालयांत काम करणारे वकील, विधी शाखेचे विद्यार्थी आणि प्रत्यक्ष पक्षकार या विषयावर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांत कायदा आणि न्यायनिर्णय सांगितले आहेत. जेथे मत मांडले आहे, तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

सुप्त पूर्वग्रह म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीची जात, लिंग, धर्म, बोली, पेहराव, अपंगत्व किंवा गरिबी दिसताक्षणी तिच्याविषयी आपल्या मनात जे अंदाज आपोआप उमटतात आणि ज्यांची आपल्याला जाणीवही नसते, त्यांना सुप्त पूर्वग्रह म्हणतात. हे अंदाज आपल्या जाहीर मतांशी जुळतीलच असे नाही. समतेवर मनापासून विश्वास असलेली व्यक्तीही निर्णयाच्या क्षणी त्यांच्या आहारी जाऊ शकते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि मूळच्या सिकंदराबादच्या महझरीन बानाजी यांनी १९९५ मध्ये ही संकल्पना पद्धतशीरपणे मांडली. असे पूर्वग्रह मोजण्याची एक चाचणी १९९८ मध्ये पुढे आली आणि त्यानंतर हा विषय विद्यापीठांबाहेर पोलीस, रुग्णालये व न्यायालये यांच्यापर्यंत पोहोचला.

कायद्यात ज्याला पक्षपात म्हणतात, तो हाच का?

नाही. कायद्यातील पक्षपाताचा विचार मुख्यतः हितसंबंध, नाते किंवा वैर यांभोवती फिरतो. माणक लाल प्रकरणात (१९५७) वकिलाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकरणाचा अध्यक्ष पूर्वी त्याच तक्रारदाराच्या वतीने वकील म्हणून उभा राहिलेला होता. क्रैपक प्रकरणात (१९६९) निवड मंडळावर बसलेला अधिकारी स्वतःच त्या पदासाठी उमेदवार होता. अशा ठिकाणी न्यायालय एवढेच पाहते की संबंधित पक्षकाराच्या मनात पक्षपाताची रास्त भीती निर्माण होते की नाही; प्रत्यक्ष पक्षपात झाला हे सिद्ध करण्याची गरज नसते.

सुप्त पूर्वग्रहाच्या बाबतीत मात्र दाखवण्यासारखे नाते नसते आणि हितसंबंधही नसतो. न्यायाधीश दोन्ही बाजूंना अनोळखी असतात, वर्तन सभ्य असते, आणि तरीही साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही या निर्णयात एक बाजू नकळत हलकी पडते. प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग करून मागण्याचा उपाय येथे बहुधा उपयोगी पडत नाही, आणि म्हणूनच प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

भारतात न्यायाधीशांना असे प्रशिक्षण सक्तीचे आहे का?

‘सुप्त पूर्वग्रह’ या नावाने सर्व न्यायाधीशांना प्रशिक्षणाची सक्ती करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून या सक्तीचे काही भाग उभे राहिले आहेत.

त्यांतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा असून तो १८ मार्च २०२१ रोजी देण्यात आला. विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अशी अट घातली होती की त्याने रक्षाबंधनाच्या दिवशी मिठाई घेऊन तक्रारदार महिलेच्या घरी जावे, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि भावाने बहिणीला द्यावी तशी ११,००० रुपयांची ओवाळणी तिला द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. या अटीत कोणाचेही वाईट चिंतलेले नव्हते, आणि येथेच या प्रकरणाचे गांभीर्य आहे. ज्या पुरुषाविरुद्ध बाईने फिर्याद दिली त्यालाच तिचा भाऊ ठरवले की प्रकरण मिटते, हा अंदाज आदेश लिहिणाऱ्याला इतका स्वाभाविक वाटला की त्याची तपासणी करावी असेही कोणाच्या मनात आले नाही.

त्या निर्णयात न्यायालयाने प्रत्येक न्यायाधीशाच्या पायाभूत प्रशिक्षणात लिंगभाव संवेदनशीलतेचा भाग असावा असे बंधन घातले, आणि सेवेतील न्यायाधीशांच्या पुढील प्रशिक्षणासाठीही अभ्यासक्रम तयार करण्यास राष्ट्रीय न्यायिक अकादमीला सांगितले. पुढच्याच महिन्यात, पाटण जमाल वली प्रकरणात, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या अपंग व्यक्तींची प्रकरणे कशी हाताळावीत याचेही प्रशिक्षण न्यायाधीशांना द्यावे, असे राष्ट्रीय व राज्य न्यायिक अकादम्यांना सांगण्यात आले. थोडक्यात, लिंगभाव आणि अपंगत्व यांबाबत स्पष्ट निर्देश आहेत. जात, भटक्या-विमुक्त जमाती, धर्म, बोली आणि गरिबी यांबाबत तितका नेमका व सर्वांना लागू होणारा निर्देश नाही. ही उणीव भरून काढली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साताऱ्यात नेमणूक झालेल्या न्यायाधीशांना प्रशिक्षण कोठे मिळते?

महाराष्ट्रातील न्यायिक अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण ठाणे जिल्ह्यातील उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीत होते. राष्ट्रीय न्यायिक अकादमी भोपाळ येथे आहे.

वकिलांवर काय बंधन आहे?

अपर्णा भट निर्णयातच भारतीय वकील परिषदेला दोन गोष्टी सांगितल्या आहेत : विधी पदवीच्या अभ्यासक्रमात कोणते विषय असावेत याबाबत तज्ज्ञांचा सल्ला घेऊन विधी महाविद्यालयांत चर्चा घडवावी, आणि लैंगिक गुन्हे व लिंगभाव संवेदनशीलता हे विषय अखिल भारतीय वकील परीक्षेच्या अभ्यासक्रमात सक्तीने घ्यावेत. म्हणजे जे काही बंधन आहे, ते वकिलीच्या उंबरठ्यावर आहे. एकदा सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाली आणि परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढची तीस-चाळीस वर्षे कोणत्याही विषयाचे नियमित प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे सर्वसाधारण वकिलावर नाही.

वकील परिषदेला असे बंधन घालता येईल का?

व्ही. सुदीर प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने वकील परिषदेने लागू केलेले सनदपूर्व प्रशिक्षणाचे नियम रद्द केले होते, आणि त्यानंतर परिषदेच्या अधिकारांचा अर्थ संकुचितपणे लावला जात असे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी घटनापीठाने बॉनी फोई विधी महाविद्यालयाच्या प्रकरणात सुदीरमधील कायदा योग्य नसल्याचे सांगितले आणि वकील परीक्षा घेण्याचा परिषदेचा अधिकार मान्य केला. नियमित प्रशिक्षणाचा मुद्दा त्या पीठापुढे थेट नव्हता. तरीही वकिलीचा दर्जा राखणे हे वकील अधिनियम, १९६१ अन्वये परिषदेचे कामच असल्यामुळे, या निर्णयानंतर अशा नियमाला आधार मिळण्याची शक्यता वाढली आहे असे म्हणता येते.

परदेशात काय नियम आहेत?

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. न्यूयॉर्क राज्यात २०१८ पासून अनुभवी वकिलांना दर दोन वर्षांच्या २४ तासांच्या सक्तीच्या शिक्षणात किमान एक तास विविधता, समावेशन व पूर्वग्रह निर्मूलन या विषयासाठी द्यावा लागतो. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झालेल्या कायद्यानुसार वकिलांच्या पूर्वग्रहविषयक शिक्षणात सुप्त पूर्वग्रह आणि तो कमी करण्याचे उपाय यांचा समावेश करण्यात आला, आणि लोकांशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्यांचाही त्यात विचार झाला. कर्मचाऱ्यांचा हा विचार आपल्याकडेही व्हायला हवा, कारण न्यायालयात आलेल्या माणसाचा पहिला संबंध न्यायाधीशांशी येत नाही. तो पुकारा करणाऱ्या शिपायाशी, नक्कल विभागातील लिपिकाशी आणि समन्स घेऊन येणाऱ्या बेलिफाशी येतो.

आमच्या न्यायालयांत हा पूर्वग्रह नेमका कोठे दिसतो?

तीन प्रकारच्या कामांत तो वारंवार दिसतो.

पहिले काम वाटपाच्या दाव्याचे. बहिणीने वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला की तिची उलटतपासणी बहुधा एकाच वाटेने जाते. तुमच्या लग्नाचा खर्च भावाने केला, मानपान केला, पहिले बाळंतपण माहेरी झाले, दर भाऊबीजेला साडी मिळते, हे बरोबर आहे का? ती प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ म्हणते, कारण ते खरेच असते, आणि तिची ती सर्व उत्तरे नोंदवली जातात. पण यातील एकाही उत्तराने तिचा हिस्सा कमी होत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच हिस्सा असण्याचा, हक्क दिला, हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो जन्मसिद्ध ठरवला, आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. मग ते प्रश्न विचारले का जातात? कारण चोळी-बांगडीवर समाधान मानणारी ती चांगली बहीण आणि सातबाऱ्यावर नाव मागणारी ती लोभी, हा समज प्रश्न विचारणाऱ्या वकिलाच्या मनात असतो, आणि तो समोरच्या पीठावरही असेल असा त्याचा भरवसा असतो. हक्कसोडपत्राच्या बाबतीतही तेच घडते. आईच्या तेराव्याला सही घेतलेला दस्त ‘स्वखुशीने’ झाला असे गृहीत धरले जाते. त्या दिवशी घरात कोण होते, दस्त तिला वाचून दाखवला का, माहेर तुटेल असे तिला कोणी सांगितले का, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

दुसरे काम जामिनाचे. ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेला मजूर किंवा पालावर राहणारा पारधी तरुण यांच्या बाबतीत ‘कायमचा पत्ता नाही, म्हणून पळून जाण्याची शक्यता’ हे वाक्य इतक्या सहजपणे लिहिले जाते की त्याला पुरावा लागत नाही असेच वाटू लागते. त्यानंतर स्थानिक जामीनदार, त्याचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला मागितला जातो. मोती राम प्रकरणात (१९७८) एका गवंड्याकडून १०,००० रुपयांचा जामीन मागण्यात आला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारण्यात आला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिले. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका रखडत असेल, तर न्यायालयांनी ती अट घालू नये. ४५ वर्षांच्या अंतराने तेच पुन्हा सांगावे लागते, कारण मधल्या काळात सवय बदललेली नसते.

तिसरे काम मोटार अपघात भरपाईचे. पुणे-बंगळूरू महामार्ग या जिल्ह्यातून जातो आणि असे दावे येथे नेहमीच येतात. मृत व्यक्ती गृहिणी असेल तर तिचे ‘उत्पन्न’ किती धरायचे, यात मोठा पूर्वग्रह दडलेला असतो. कीर्ती प्रकरणात ५ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रमणा यांनी राष्ट्रीय पाहणीतील आकडे दिले : घरातील बिनमोबदल्याच्या कामासाठी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७ मिनिटे. माण किंवा खटावमधील बाई घरकामासोबत शेळ्या, धारा आणि शेतातील खुरपणीही पाहते. तिच्या वकिलाने हे पुराव्यात आणलेच नाही, तर निकालात ते कोठून येणार? येथे चूक न्यायाधीशांच्या आधी वकिलाची असते.

जातीच्या बाबतीत ‘सुप्त’ हा शब्द वापरणे म्हणजे उघड अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे का?

हा आक्षेप योग्य आहे आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. १९०१ च्या सुमारास बाबासाहेब आंबेडकर लहान असताना भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. नीटनेटके कपडे घातलेली ती मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी आपली जात सांगितली आणि त्याचा चेहरा पालटला. त्यानंतर भाड्याने बैलगाडी मिळणेही अवघड झाले. हा उघड भेदभाव होता, आणि आजही जो उघड आहे त्याला उघडच म्हटले पाहिजे व त्यासाठी असलेला कायदाच लावला पाहिजे. प्रशिक्षणात बसवणे ही त्यावरची शिक्षा होऊ शकत नाही.

परंतु ज्याचा चेहरा पालटत नाही, त्याचाही निर्णय पालटू शकतो. अंकुश मारुती शिंदे प्रकरण हे महाराष्ट्रातील वकिलांनी मुळातून वाचावे असे आहे. २००३ मधील जालना जिल्ह्यातील एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना दोषी ठरवण्यात आले, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली व उरलेल्या तिघांनाही ती ठोठावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. घटनेनंतर लगेच एका प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या छायाचित्र संग्रहातून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते, आणि ती गोष्ट तपासात दडवली गेली होती. आरोपी अत्यंत गरीब व भटक्या जमातीतील असल्यामुळे त्यांना खोटे गुंतवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. एवढ्या पायऱ्यांवर, एवढ्या अनुभवी व्यक्तींच्या नजरेखालून ते प्रकरण गेले होते. त्या सर्वांच्या मनात द्वेष होता असे कोणी म्हणणार नाही. भटक्या जमातीतील माणसावरचा आरोप खरा वाटायला कमी पुरावा लागला, हे मात्र म्हणावेच लागते.

१८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निर्णयापर्यंत अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याच्या तरतुदी टिकून होत्या. त्या रद्द झाल्या आहेत. नियमावलीतून गेलेली गोष्ट मनातून जाण्यासाठी वेगळे काम करावे लागेल.

न्यायाधीश निःपक्षपातीपणाची शपथ घेतात. तेवढे पुरेसे नाही का?

शपथ जाणीवपूर्वक केलेल्या वर्तनाला बांधते. ज्याची जाणीवच नाही, त्याला शपथ पोहोचत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये, एका उच्च न्यायालयातील न्यायमूर्तींच्या सुनावणीतील शेऱ्यांची स्वतःहून दखल घेताना, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की प्रत्येक न्यायाधीशाला आपल्या मनाचा कल कोणीकडे झुकतो याची जाणीव असणे हा निःपक्षपाती न्यायदानाचाच भाग आहे.

अशा प्रशिक्षणाचा खरोखर उपयोग होतो का?

एका दुपारच्या व्याख्यानाचा फारसा होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुप्त पूर्वग्रह कमी करणारे नऊ उपाय तपासले गेले. त्यांचा परिणाम काही तासांत ते काही दिवसांत ओसरला. २०१९ मधील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले की चाचणीतील गुण बदलले तरी वर्तन बदलतेच असे नाही. हे निष्कर्ष लपवून सक्तीची मागणी करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

याच विषयावर अमेरिकेतील खालच्या न्यायालयांच्या न्यायाधीशांचा २००९ मधील अभ्यास मात्र आशा देणारा आहे. न्यायाधीशांमध्येही सामान्य माणसांसारखेच वांशिक पूर्वग्रह आढळले. पण वंशाचा मुद्दा येथे आहे हे ज्यांच्या लक्षात आले आणि ज्यांनी पूर्वग्रह टाळण्याचा प्रयत्न केला, त्यांना आपल्या निर्णयावरचा त्याचा प्रभाव बऱ्याच अंशी रोखता आला. यावरून आम्हाला असे वाटते की मनात डोकावण्याच्या कसरतींपेक्षा निर्णय लिहिण्याच्या पद्धतीवर प्रशिक्षण केंद्रित असावे. जामिनाच्या आदेशात ‘पळून जाण्याची शक्यता’ लिहिण्यापूर्वी तिचा आधार काय, हे एका ओळीत लिहावे. ‘साक्षीदार गोंधळलेली दिसली’ असे नोंदवताना प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता, हेही नोंदवावे; पाटण खोऱ्यातील बाईला ‘सदरहू मिळकतीचा ताबा’ समजला नाही, म्हणून ती खोटे बोलत नाही. आणि प्रत्येकाने आपले जुने आदेश स्वतःच काढून, एकाच प्रकारच्या गुन्ह्यात कोणाला किती रकमेचा जामीन दिला, हे ताडून पाहावे. एवढे नियमित झाले तर प्रशिक्षणाचे तास कमी असले तरी चालेल.

सक्तीमुळे न्यायालयाच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही का?

कोणता निकाल द्यावा हे प्रशिक्षणात सांगितले, तर येईल. अभ्यासक्रम उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखालील अकादमीने ठरवला आणि चाचणीतील वैयक्तिक गुण बढतीसाठी किंवा शिस्तभंगासाठी वापरले नाहीत, तर येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे कनिष्ठ न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या लिंगभावविषयक पुस्तिकेला कायद्याचे बळ आहे का?

ऑगस्ट २०२३ मध्ये, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात, ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. ती मार्गदर्शनासाठी आहे, नियम म्हणून नाही. स्त्रियांविषयीचे साचेबद्ध शब्द आणि त्यांऐवजी वापरायचे शब्द तिच्यात दिले आहेत. तिचा दुसरा भाग, म्हणजे ‘उशिरा तक्रार केली म्हणजे खोटी’ यांसारख्या समजुतींचे खंडन, शब्दसूचीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे. युक्तिवादात आणि दाव्याच्या मसुद्यात वकिलांनी तिचा वापर जरूर करावा.

पक्षकाराचे हित जपण्यासाठी पूर्वग्रहाचा फायदा घेणे हे वकिलाचे कर्तव्यच नाही का?

नाही. वकील न्यायालयाचाही अधिकारी असतो. असभ्य किंवा बदनामीकारक प्रश्न रोखण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, आणि बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या पूर्वीच्या लैंगिक संबंधांविषयी प्रश्न विचारण्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही मनाई कायम आहे. आपल्या पक्षकाराचा बचाव त्याच्या पुराव्यावर उभा राहत असेल, तर साक्षीदाराच्या जातीचा किंवा माहेरच्या साडीचा आधार घ्यावा लागत नाही. असा प्रश्न समोरून आला तर लगेच हरकत घ्यावी आणि ती नोंदवली जाईल हे पाहावे. मागाहून तक्रार करून काही हाती लागत नाही.

वकील संघाने स्वतःहून काय सुरू करावे?

परिषदेच्या नियमाची वाट न पाहता, दर महिन्याला एक जुने निकालपत्र पक्षकारांची नावे झाकून वाचावे आणि त्यातील कोणता निष्कर्ष पुराव्यावर आहे व कोणता समजुतीवर, यावर चर्चा करावी. निवृत्त न्यायाधीशांना बोलवावे, पण त्यांच्याबरोबर भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि अपंगांच्या शाळेतील शिक्षकांनाही बोलवावे. नवीन वकिलांना यात बोलू द्यावे. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे.

निकालपत्रात माझ्याविषयी अपमानास्पद शेरा आला आहे. मी काय करू?

सर्वप्रथम निकालाची प्रमाणित नक्कल घ्या आणि मुदत मोजा. अपील करायचे असल्यास त्या शेऱ्याचा पुराव्याशी कसा संबंध नाही, हे अपिलाच्या मुद्द्यांत स्वतंत्रपणे लिहा. निकाल मान्य असून केवळ शेरा काढून टाकायचा असल्यास उच्च न्यायालयात तसा अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात येतात, त्यामुळे यासाठी आता मुंबईला जावे लागत नाही. वकिलाच्या गैरवर्तनाविषयी तक्रार असेल तर ती वकील अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे करावी. न्यायिक अधिकाऱ्याविषयीची तक्रार उच्च न्यायालयाच्या प्रशासनाकडे करावी आणि तिला शपथपत्र व पडताळून पाहता येतील अशी कागदपत्रे जोडावीत. निकाल आवडला नाही म्हणून केलेली तक्रार तेथे टिकत नाही, आणि शेरा, त्याचा पान क्रमांक व सुनावणीची तारीख नेमकी दिलेली तक्रार वाचली जाते.